पदपथावरची शिरगणती

शिरगणती म्हटली की हातात वही घेऊन दारात उभा राहिलेला कारकून आणि घरातील माणसांची नावे, वये, धंदे सांगणारा कुटुंबप्रमुख असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. या चित्रात एक गोष्ट आपण गृहीत धरलेली असते. ती म्हणजे दार. ज्याला दार आहे त्याच्या दारावर कारकून थाप मारतो. ज्याला दारच नाही त्याची नोंद कोणत्या वहीत व्हावी? मुंबईच्या पदपथांवर संसार मांडलेल्या माणसांनी १९८५ साली या प्रश्नाचे उत्तर स्वतःच शोधले. आपली गणती आपणच केली. त्या घटनेची हकिकत आणि तिच्या मागची-पुढची काही वर्षे वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वसईची भाजी, केळी आणि फुले घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या आपल्या वाडवडिलांना हे पदपथ परके नव्हते. बाजाराकडे जाताना झोपलेल्या माणसांना वळसा घालून पुढे जावे लागे. पाहिले सर्वांनीच, परंतु ही माणसे कोण, कोठून आली, काय करतात, हे विचारण्यास कोणी थांबले नाही. या दोषातून आम्ही स्वतःला वगळत नाही.

गरिबांच्या घरांची चौकशी

मुंबईत गरिबांच्या घरांची चौकशी होतच नव्हती असे मात्र नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला तो मूळचे गोव्याचे असलेल्या डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी. त्यानंतर शहरातील दाटीच्या वस्त्यांवर सरकारची नजर वळली. घरोघर तपासणी सुरू झाली, भिंतींना चुना फासला गेला, आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही इंग्रजी अक्षरे रंगवली गेली. त्या अक्षरांचा अर्थ घरात राहणाऱ्याला वाचता येत नव्हता, पण तो त्याला लवकरच कळे. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने रुंद रस्ते काढले, नव्या वसाहती आखल्या. परंतु जेवढ्या खोल्या पाडल्या गेल्या तेवढ्या गरिबांसाठी उभ्या राहिल्या नाहीत. उठवलेली माणसे शेजारच्या चाळींत शिरली आणि तेथील दाटी वाढली.

पुढे अभ्यासकही आले. १९२५ साली बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईतील कामगार आणि त्यांची घरे यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ उभारले आणि तेथेच १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. या साऱ्यांचे काम कळकळीचे होते. तरीही त्या काळच्या चौकशीची रीत एकच होती. शिकलेल्याने विचारावे, गरिबाने सांगावे, आणि लिहिलेला कागद सांगणाऱ्याच्या हाती कधीच परत येऊ नये. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे चाळीतल्या गिरणी कामगाराला कळण्याची सोय नव्हती.

एका दिवसाची गणना

स्वातंत्र्यानंतर शहर वाढले आणि झोपडपट्ट्याही वाढल्या. १९७१ साली महाराष्ट्रात झोपडपट्टी सुधारणा, निर्मूलन व पुनर्विकासाचा कायदा झाला. ४ जानेवारी १९७६ रोजी, आणीबाणीच्या काळात, मुंबईतील झोपडपट्ट्यांची एका दिवसात गणना करण्यात आली. १,६८० वस्त्यांत सुमारे २८ लक्ष माणसे आढळली. ज्यांची नोंद झाली त्यांना ओळखपत्रे मिळाली. कुटुंबाचे छायाचित्र लावलेले ते पत्र, ज्याला लोक ‘फोटोपास’ म्हणू लागले, पुढे अनेक घरांत सोन्याच्या दागिन्यासारखे पेटीत जपले गेले.

गणनेचा अर्थ गरिबांना तेव्हा पुरता कळला. त्या दिवशी जो वहीत आला तो काही मागू शकत होता. जो आला नाही तो कायद्याच्या लेखी नव्हताच. पदपथावर राहणारे या गणनेत आले नाहीत. त्यांची झोपडी ही झोपडपट्टी मानली गेली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात मानखुर्दजवळची जनता कॉलनी उठवण्यात आली. शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला ती जागा हवी होती. सुमारे ७०,००० माणसांना चीता कॅम्प येथे हलवण्यात आले. ही वस्ती वाचवण्यासाठी अनेक वर्षे झगडलेला एक तरुण होता जॉकिन अर्पुथम. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या प्रदेशातून तो १९६३ साली मुंबईस आला होता. वस्तीतला कचरा पालिका उचलत नाही म्हणून मुलांच्या हाती एकेक पुडके देऊन तो कचरा पालिकेच्या कार्यालयापुढे नेऊन टाकल्याची आठवण ते पुढे आवडीने सांगत. १९७४ साली झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. जनता कॉलनी वाचली नाही. परंतु लढ्यास उभे राहताना आपली माहिती आपल्या हाती हवी, हा धडा ते तेथून घेऊन निघाले.

न्यायालयाच्या पायरीवर

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील झोपड्या हटवून त्यांतील लोकांना त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा केली. भर पावसात काही झोपड्या तोडल्या गेल्या आणि काही कुटुंबांना बसमध्ये बसवून शहराबाहेर पाठवण्यात आले. पत्रकार ऑल्गा टेलिस, नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्था आणि स्वतः काही पदपथवासी न्यायालयात गेले. झोपड्या तोडण्यास स्थगिती मिळाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले.

१० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. माणूस कामाच्या जवळ राहतो, कारण दुरून येण्याचे भाडे त्याला परवडत नाही. त्याला तेथून हटवणे म्हणजे त्याची भाकरी हिरावणे होय, हा युक्तिवाद न्यायालयाला पटला. भारतीय कायद्याच्या इतिहासात या निकालाचे स्थान मोठे आहे. परंतु ज्यांच्या नावाने तो गाजला त्यांच्या पदरात काय पडले? पदपथ हा चालण्यासाठी आहे. रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या हटवू शकते. मात्र पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, थांबावे, असे न्यायालयाने म्हटले. तत्त्व गरिबांच्या बाजूने गेले आणि पदपथ त्यांच्या हातून गेला. हातात उरले साडेतीन महिने.

“आम्ही, न दिसणारे”

याच्या आदल्या वर्षी, १९८४ साली, शीला पटेल, प्रेमा गोपालन, सेलिन डिक्रूझ आदी कार्यकर्त्यांनी ‘स्पार्क’ ही संस्था स्थापन केली होती. त्यांच्यापैकी काहींचे पूर्वीचे काम नागपाड्याच्या त्याच नेबरहुड हाउसमधून झालेले होते. संस्थेतून केंद्रात या आणि मदत घ्या, ही जुनी पद्धत त्यांना अपुरी वाटू लागली होती. कारण केंद्राबाहेरच्याच रस्त्यावर राहणाऱ्या बाया केंद्राची पायरी चढत नव्हत्या. भायखळ्यातील पालिकेच्या दवाखान्याच्या आवारात एका जुन्या गॅरेजमध्ये ‘स्पार्क’चे काम सुरू झाले. तेथे येऊन बसण्यास कोणाला परवानगी लागत नसे. डिमटिमकर रोड, वॉटर स्ट्रीट, पीरखान स्ट्रीट, झुला मैदान अशा ठिकाणच्या बाया तेथे येऊ लागल्या.

निकाल लागला तेव्हा या बायांपुढे दोन वाटा होत्या. झोपडी तोडायला येतील त्या दिवशी दगड हाती घ्यावा, किंवा तोपर्यंत दुसरे काही करावे. चर्चा झाल्या. चर्चेत एक गोष्ट पुनःपुन्हा पुढे आली. वर्तमानपत्रे म्हणत की हे लोक भिकारी आहेत, चोर आहेत, कालपरवा आलेले आहेत. याला खोटे ठरवणारा एकही कागद कोणाजवळ नव्हता. तेव्हा तो कागद तयार करावयाचे ठरले.

प्रथम झोपड्यांची जागेवर जाऊन नोंद झाली. कोणत्या रस्त्याच्या कोणत्या बाजूस किती झोपड्या, हे तेथेच राहणाऱ्यांइतके अचूक कोण सांगणार? मग प्रत्येक झोपडीला क्रमांक. काय विचारावे हे ठरवताना वस्तीतल्या बायाही बसल्या: गाव कोणते, मुंबईत किती वर्षे झाली, घरात कोण काय काम करते, पाणी कोठून आणता, किती वेळा झोपडी तुटली. शेवटचा प्रश्न शिकलेल्या माणसाला सुचला असता की नाही, याची आम्हांस शंका आहे. माहिती गोळा झाल्यावर ती पुन्हा वस्तीत नेऊन वाचून दाखवली गेली. चुकले असेल तेथे शेजाऱ्यांनी चारचौघांत दुरुस्त केले. सरकारी गणनेत जी पायरी कधीच नसते ती हीच.

भायखळा-नागपाड्याचा परिसर आणि शहरातील काही मोठे रस्ते मिळून सुमारे ६,००० कुटुंबांची, म्हणजे २७,००० च्या आसपास माणसांची ही गणती होती. १९८५ सालीच ती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तिकेच्या इंग्रजी नावाचा मराठी अर्थ ‘आम्ही, न दिसणारे’ असा होतो.

तिने काय दाखवले? पदपथावर राहणारी माणसे भीक मागून जगत नव्हती. ती काम करीत होती. हमाली, हातगाडी, फेरीचा धंदा, घरकाम, टाकाऊ वस्तू वेचणे अशी ती कामे होती, आणि शहराला ती स्वस्तात मिळत होती. कामाची जागा बहुधा पायी जाण्याच्या अंतरावर होती. बरीच कुटुंबे एका रात्रीत उपटलेली नव्हती. कित्येकांची वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावर गेली होती, त्यांची मुले तेथेच जन्मली होती. आली होती ती देशातल्या दरिद्री जिल्ह्यांतून, जमीन नसलेल्या किंवा जमिनीवर पोट न भरणाऱ्या घरांतून.

१ नोव्हेंबर उजाडला. ज्याची भीती होती ती सरसकट तोडफोड झाली नाही. याचे श्रेय एकट्या पुस्तिकेला देणे योग्य ठरणार नाही; तिच्यामागे अनेकांचे प्रयत्न आणि एकवटलेली वस्ती होती. पण पदपथवासीयांशी बोलताना यापुढे “तुम्ही आहात किती?” हा प्रश्न कोणी तुच्छतेने विचारू शकले नाही.

घर कसे हवे?

गणतीच्या कामातून बाया एकत्र आल्या होत्या. त्या पांगल्या नाहीत. १९८६ साली ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली आणि अर्पुथम यांच्या महासंघाशी तिची व ‘स्पार्क’ची भागीदारी जुळली. पहिले काम साधेच होते: शिधापत्रिका. बेघरांनाही शिधापत्रिका देण्याची तरतूद सरकारी आदेशात होती. तो आदेश कोणी अमलात आणत नव्हते, इतकेच. रोज रुपया-दोन रुपये शिल्लक टाकण्याची सवय लागली. अडीअडचणीला त्याच पैशातून कर्ज मिळू लागले.

मग घराचा अभ्यास सुरू झाला. ‘स्वस्त घर’ ही कल्पना आजवर वास्तुतज्ज्ञांच्या कागदावर असे. येथे बायांनी शहराच्या विकास आराखड्यात गरिबांच्या घरांसाठी राखलेल्या जागा स्वतः फिरून पाहिल्या. मुंबईत जागाच नाही, असे त्यांना सांगण्यात येत असे. जागा डोळ्यांनी पाहिल्यावर त्या उत्तरावरचा त्यांचा विश्वास उडाला. साडी आणि स्वतःचे शरीर हीच मोजपट्टी धरून खोलीची लांबी-रुंदी ठरवली गेली. बांबू आणि कापडाची पूर्ण आकाराची नमुनाघरे उभी करून लोकांना त्यांत चालून-बसून पाहण्यास बोलावले गेले.

त्यातून जो नमुना निघाला त्याची उंची चौदा फूट होती. एवढी उंची असली की अर्ध्या खोलीवर पोटमाळा घालता येतो; वर मुले झोपतात, खाली स्वयंपाक आणि काम. शौचालय घरात नको, चार-पाच घरांत मिळून एक बाहेर असावे, असे बायांनी सुचवले तेव्हा तज्ज्ञांना आश्चर्य वाटले. बायांचा हिशेब सरळ होता. शौचालय घरात घेतले तर तेवढी जागा जाते, आणि पाणी नसेल तर त्याची घाण घरातच राहते. चौदा फुटांची उंची बांधकामाच्या नियमांत बसत नव्हती; तिच्यासाठी पुढे अनेक खेटे घालावे लागले. नियम करणाऱ्याने कधी दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांचे अंथरूण घातलेले नसते, हे त्याचे कारण असावे.

रुळांच्या काठी

ही रीत लवकरच पदपथाबाहेर गेली. १९८५ साली पंतप्रधान राजीव गांधी यांनी मुंबईसाठी १०० कोटी रुपयांचे अनुदान जाहीर केले. त्यातील मोठा वाटा धारावीसाठी होता. धारावीत माणसे किती याविषयी सरकारी अंदाज लोकांना तोकडा वाटत होता. १९८६ साली महासंघाने केलेल्या गणतीत ८०,००० हून अधिक बांधकामे आणि सुमारे ५,३०,००० माणसे आढळली. आकडा लहान धरला तर योजनेतून माणसे गळतात. म्हणून या आकड्याला महत्त्व होते.

त्यानंतर पाळी आली रेल्वेच्या रुळांलगतच्या झोपड्यांची. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शासन, रेल्वे आणि या संघटना यांनी मिळून सुमारे १८,००० कुटुंबांची पाहणी केली. रुळांना खेटून घरे असल्याने गाड्यांना वेग कमी ठेवावा लागे आणि घरातल्या मुलाचा पाय केव्हा रुळावर पडेल याचा नेम नसे. उठवायचे झाले तर आम्हांला सांगून, आमच्या यादीप्रमाणे, पर्यायी घर देऊन उठवा, ही मागणी पुढे आली. १९९५ च्या पुनर्वसन योजनेत १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा असलेल्या पदपथवासीयांनाही प्रथमच हक्क मिळाला. घर २२५ चौरस फुटांचे ठरले. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात रुळांकाठची सुमारे ६०,००० माणसे नव्या जागी गेली, आणि त्यांतील बहुतेकांनी आपली झोपडी आपल्याच हातांनी उतरवली. याद्या वस्तीत लावल्या गेल्या, हरकती ऐकल्या गेल्या, शेजारी शेजाऱ्यांसह गेले. १९७६ च्या जनता कॉलनीशी याची तुलना केली म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले ते कळते.

अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. १९९६ साली स्थापन झालेल्या झोपडपट्टीवासीयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेमार्फत ही स्वतःची गणती स्वतः करण्याची रीत दक्षिण आफ्रिका, केनिया अशा देशांत पोहोचली. २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांचे निधन झाले.

दुसरी बाजू

एवढ्यावर लेख संपवला तर तो गौरवलेख होईल, इतिहास होणार नाही. काम वाढले तशी त्यात घाई शिरली. रस्त्यांच्या रुंदीकरणात विस्थापित होणाऱ्या रहिवाशांनी व दुकानदारांनी २००४ साली जागतिक बँकेच्या निरीक्षण मंडळाकडे तक्रारी केल्या. आम्हांला विचारले नाही, आमची नोंद चुकीची झाली, असे त्यांचे म्हणणे होते. मंडळाच्या २००५ च्या अहवालात या तक्रारींपैकी बऱ्याच खऱ्या ठरल्या, आणि मार्च २००६ मध्ये बँकेने प्रकल्पाच्या त्या भागाचा निधी काही काळ रोखला. या पुनर्वसनाच्या अंमलबजावणीत त्याच संस्थांचा सहभाग होता ज्यांनी विचारून मोजण्याची रीत घालून दिली होती. जी गणती वस्तीने आपल्यासाठी केली ती वस्तीची राहिली; जी प्रकल्पाच्या मुदतीसाठी झाली ती पुन्हा कारकुनाची वही बनली.

दुसरे दुःख याहून खोल आहे. पुनर्वसनाच्या इमारती इतक्या जवळजवळ उभ्या केल्या गेल्या की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोहोचेनासा झाला. मानखुर्द-गोवंडी परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींचा डॉक्टर व तंत्रज्ञांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. ऊन-वारा कमी असलेल्या घरांत क्षयरोगाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यात दिसले. कामापासूनचे अंतर वाढले ते वेगळेच. पदपथावरच्या बाईने घराच्या उंचीचा विचार केला होता. दोन इमारतींमधील अंतर किती असावे हे तिला कोणी विचारले नाही. तिला विचारले असते तर तिने साडी पसरून तेही मोजून दिले असते.

आपल्यापुरते

या साऱ्याकडे पाहताना आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. प्लेगच्या काळातील अधिकाऱ्याला आणि १९७६ च्या कारकुनाला माहिती हवी होती ती निर्णय घेण्यासाठी. पण निर्णय त्यांचा होता. १९८५ च्या गणतीत माहिती आणि निर्णय यांतील अंतर प्रथमच कमी झाले. प्रश्न विचारणारी बाई उत्तर देणाऱ्या बाईच्या शेजारच्या झोपडीत राहत होती, आणि उत्तर चुकले तर त्याचा भुर्दंड तिलाही पडणार होता. संशोधनाची विश्वासार्हता तज्ज्ञाच्या तटस्थतेतून येते असे आपल्याला शिकवले गेले आहे. ती कधीकधी याच्या उलट वाटेनेही येते, हे भायखळ्याच्या बायांनी दाखवले.

आज वसई-विरारच्या पट्ट्यात उंच इमारतींच्या सावलीत चाळी आणि झोपड्या उभ्या आहेत. त्यांत राहणारी माणसे आपल्या वाडीत, आपल्या दुकानात, आपल्या घरी कामाला येतात. त्यांच्या घरांविषयी गावागावांत बोलणे होते, सभा होतात, ठराव होतात. पुढचा ठराव लिहिण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणाला तरी सभेत बोलवावे, आणि वही त्यांच्या हाती द्यावी, एवढीच आमची सूचना आहे.